धुऱ्यावरची लाइन

आमच्या घरात मला बोलण्याचा पगार मिळतो. माझ्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, याचं अजून नवल वाटतं. सुनेला न बोलण्याबद्दल काहीतरी द्यावं हे त्यांना एक वेळ पटलं असतं. बोलण्याबद्दल कोणी पैसे देतं, हे त्यांनी पाच वर्षं डोळ्यांनी पाहूनही मान्य केलेलं नाही.

मी पीक विम्याच्या हेल्पलाइनवर काम करते. गारपीट झाली, नाल्याचं पाणी वावरात शिरलं, की शेतकऱ्याला बहात्तर तासांच्या आत नुकसान कळवावं लागतं. तो फोन माझ्यासारखी कोणीतरी उचलते, विचारायचं ते विचारते आणि त्याला नोंदीचा क्रमांक देते. क्रमांक मिळाला तर पुढे काही होण्याची आशा. नाही मिळाला तर कंपनीच्या लेखी त्याच्या वावरात गार पडलीच नाही. लग्नाआधी तीन वर्षं हे काम मी पुण्याच्या ऑफिसात केलं. लग्न होऊन सुलतानपूरला आले तेव्हा कंपनीने घरून करायला परवानगी दिली. हेडफोन कानाला लावला की माझी जीभ पुण्याची होते, काढला की माहेरची, म्हणजे चिखलीची. माझा नवरा शिवम म्हणतो, "तू फोनवर बोलतं तवा मले वाटते, घरात पाहुणी आली."

आमचं घर गावात नाही, शिवारात आहे, सडकेपासून पाऊण किलोमीटर आत. मागच्या खोलीत माझं टेबल, आणि टेबलामागे आढ्यापर्यंत यंदाचा कापूस. भाव वाढेल या आशेवर यंदा कोणीच कापूस विकायला काढत नव्हतं, घरोघरी माणसं ओसरीत आणि कापूस खोलीत अशी वाटणी झाली होती. अंगाला खाज सुटायची, मुलीच्या पाठीवर पुरळ आलं होतं. एकच फायदा झाला. कापसामुळे खोलीत आवाज घुमत नाही. पुण्याच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "सुचिता, तुझ्या मागे किती शांत असतं गं!" मी म्हटलं, हो, खास खोली आहे.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. मोबाईलच्या नेटवर आता काम चालणार नाही. मार्चअखेरपर्यंत घरात पक्की लाइन घ्या, फोन तुटता कामा नये, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. माझी मुलगी तीन वर्षांची. शिवम जवळच्या बीबी गावात कृषी केंद्रात कामाला. पुण्याला जायचं म्हणजे मुलीला ठेवून जायचं, नाहीतर नोकरी सोडायची. मला दोन्ही करायचं नव्हतं. जे हातात आहे ते सोडायला सांगितलं की माझं डोकंच फिरतं, लहानपणापासूनचं आहे ते.

लाइन घ्यायचे दोन मार्ग होते. बीबीचा जाकीर पूर्वी टीव्हीच्या केबलचं काम करायचा, आता फायबर टाकतो. सडकेपर्यंत त्याची वायर आली होती. तिथून आमच्या घरापर्यंत खांब गाडून आणायची, आणि त्याला वाट एकच, आमच्या आणि शेजारच्या वाहेदचाचांच्या वावरामधला धुरा, म्हणजे बांध. पांदणीने, म्हणजे गाडीवाटेने आणायची तर दोन किलोमीटरचा वळसा, तेवढी वायर टाकायला जाकीर तयार नव्हता. दुसरा मार्ग हवेतला. छतावर एक पांढरा डबा बसवायचा, त्याचं तोंड टॉवरकडे करायचं, झालं. ना खांब, ना वायर, ना कोणाची परवानगी.

मला फायबरच हवं होतं. ज्याच्या टॉवरची बॅटरी लाइट गेल्यावर दोन तासांत मान टाकते, त्या डब्यावर मी नोकरी टांगायला तयार नव्हते. जाकीर एका सकाळी मोजमाप घ्यायला आला, धुऱ्याने चालत चालत घरापर्यंत पोचला, आणि ओसरीत बसून चहा पिताना म्हणाला, "भाभी, वाहेदचाचाले इचारलं. त्यायनं तर लगेच हो म्हटलं. पण धुरा हातभर उरला हाय. खांब गाडला का इकडं नाहीतर तिकडं सरकतेच. तुम्ही हद्द दाखवा, मी बरोबर हद्दीवर गाडतो."

माझे सासरे वामनराव, मी त्यांना मामाजी म्हणते, तोवर बैलांसाठी दावं वळत बसले होते. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "वायरीचं काम नाही."

"काऊन मामाजी?"

"रोह्यांचे कळप येतात रात्री, तोडून टाकतीन. पऱ्हाटी पेटवली का जयून जाईन. ट्रॅक्टर अडकते."

जाकीर म्हणाला, "लोखंडी खांब हाय काका, उंच. ट्रॅक्टर खालून जाते."

"अन् हद्द-बिद्द काय दाखवायची? माह्या वावराची हद्द मी कोणाले दाखवत बसू?" आता त्यांचा आवाज चढला होता. "हवेतलं नेट येते ना? ते घ्या."

मी वाद घातला. चांगला दोन दिवस घातला. शिवमला मध्ये ओढलं, तर तो म्हणाला, "नेट ते नेट, वायरीतून येओ का आभायातून," आणि बीबीला निघून गेला. शेवटी मामाजींनीच मला गप्प केलं, पण रागावून नाही. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःहून एक फोन लावला नाही, तो एसटीने चिखलीला गेला, दुकान शोधलं, डबेवाल्याला सोबत घेऊन आला, पैसे स्वतःच्या खिशातून दिले. इतकंच नाही, ते छतावर चढून डब्याचा पाइप धरून उभे राहिले, उन्हात, तास-दीड तास. खाली उतरल्यावर म्हणाले, "आता तुले पुण्याले जा लागत नाही." माझे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, बघ, उगाच भांडत होतीस, यांना तू घरात हवी आहेस.

डबा महिनाभर बरा चालला. मग मार्चच्या मध्यात एका गुरुवारी दुपारी गार पडली.

लिंबाएवढी गार. दहा मिनिटांत काढणीला आलेला गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे जमिनीवर विखुरले. आमचा कापूस घरात होता म्हणून वाचला. मी हेडफोन लावून बसले होते, आणि फोन सुरू झाले. एक ठेवला की दुसरा. जालना, वाशिम, आमचा बुलडाणा, सगळीकडून. लाइट गारेबरोबरच गेली होती. पावणेपाचला टॉवर बंद पडला.

त्या वेळी माझ्याशी एक म्हातारा बोलत होता. त्याचं नाव विचारून झालं होतं, गट नंबर तो सांगत होता, सावकाश, एकेक आकडा. दोन आकडे आले आणि पुढे काहीच नाही. शुक्रवारी लाइट तासभर येऊन गेली, तेवढ्यात मी बसले आणि पुन्हा फोन तुटले. अकरा. मी मोजले, कारण मॅडमही मोजतात. दिवसभर वाट पाहून माणसाचा नंबर लागतो, तो आपलं दुःख सांगायला सुरुवात करतो, आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखे गायब होतो. त्याला वाटत असेल, बाईने मुद्दाम ठेवला.

संध्याकाळी मॅडमचा मोबाईलवर फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सुचिता, सोमवारी मला वायरची लाइन चालू दिसली पाहिजे. नाहीतर मंगळवारी तू इथे. नाहीतर तुझं तू बघ."

त्यांचा आवाज तुटत होता म्हणून मी बोलत बोलत घराबाहेर पडले, रेंज शोधत वाहेदचाचांच्या बाजूला गेले. त्या बाजूला पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, एक पट्टी अजून उभी होती. हे मला आधीही खटकलं होतं. बाकी सगळ्या वावरातली पऱ्हाटी मामाजींनी जानेवारीतच उपटून काढली होती. गुलाबी बोंडअळी आल्यापासून कृषी सहायक दरवर्षी घसा कोरडा करतो, की हंगाम संपला की पऱ्हाटी काढा, उभी ठेवली तर अळीला पुढच्या सालापर्यंत राहायची सोय होते. मामाजी स्वतः हे दुसऱ्यांना ऐकवायचे. पण धुऱ्याच्या बाजूचे शेवटचे चार-पाच तास, म्हणजे कापसाच्या ओळी, त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. विचारलं तर म्हणायचे, उरलीसुरली बोंडं वेचतो. त्या झाडांवर बोंडं म्हणावीत अशी पाचसुद्धा नव्हती.

फोन कट झाला, आणि मी रागाने ती पऱ्हाटी तुडवत धुऱ्याकडे निघाले. धुऱ्याला दोन ओळी उरल्या असताना पायाला दगड लागला. चांगलाच लागला. मी खाली वाकले. घडवलेला, चौकोनी दगड, निम्मा मातीत, एका बाजूला जुन्या चुन्याचा हात. त्याच्यावर बोराटीच्या वाळक्या फांद्या टाकलेल्या होत्या. त्या वाऱ्याने आलेल्या नव्हत्या, एकीवर एक रचलेल्या होत्या.

हद्दीचा दगड. तो धुऱ्यावर असायला हवा होता. धुरा तिथून दोन तास पलीकडे होता.

मी शेतकऱ्याची मुलगी आहे. धुरा कोरणं मला माहीत आहे. दरवर्षी नांगरताना एक तास धुऱ्यातून घ्यायचा, दिसत नाही, कळत नाही. पण इथे धुरा नुसता कोरलेला नव्हता, अख्खा सरकवलेला होता. सडकेपासून घरापर्यंत.

घरी आले तेव्हा मनकर्णाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "आई, मागं कधी वाहेदचाचा जालन्याले होते ना तीन वर्षं? तवा त्यायचं वावर कोण करे?"

त्यांचा हात परातीतच थांबला. मग पुन्हा थापायला लागला. "मक्त्यानं देलं होतं. परगावचा माणूस होता, त्याले काय हद्दीचं." थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "बीटीचं बियाणं नवीन नवीन आलं होतं. कापूस असा ये का लोकं धुऱ्यावर बी सरकी टोचत. सगळेच करत होते."

"सगळ्यायनं दगड झाकला होता का?"

"तुले नोकरी करायची हाय ना? मंग डोये झाक." भाकरी तव्यावर टाकून त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मी बी झाकलेच ना."

म्हणजे हवेतलं नेट माझ्यासाठी नव्हतं. छतावर उन्हात पाइप धरून उभं राहणंही माझ्यासाठी नव्हतं. जाकीरने हद्द दाखवा म्हटलं म्हणून तो माणूस एसटीने चिखलीला गेला होता. मला इतका अपमान वाटला की मी जेवले नाही. आणि तरीही, हे सांगायला लाज वाटते पण सांगते, रात्रभर मी विचार केला तो दगडाचा नाही, सोमवारचा केला.

शनिवारी सकाळी मी वाहेदचाचांच्या घरी गेले. मनाशी ठरवून गेले होते. खांब तुमच्या बाजूला गाडू द्या म्हणायचं, ते हो म्हणतील, मामाजींच्या पट्टीला हात लागणार नाही, दगड आहे तिथे राहील. सगळ्यांचं भागेल. एकदा लोखंडी खांबांची ओळ उभी राहिली की तीच कायमची हद्द होईल, आणि ती वाहेदचाचांच्या जमिनीत असेल, हे मला पक्कं समजत होतं. समजूनच गेले.

बानोचाचींनी खाट टाकली. वाहेदचाचा झोपलेल्या गव्हातून नुकतेच आले होते, पायजम्याला चिखल. त्यांचा हेल्पलाइनचा फोन दोन दिवस लागत नव्हता. माझा चेहरा तिथेच पडला. त्यांच्या मोबाईलवर ॲप घालून, थोडी रेंज होती त्या लिंबाखाली उभं राहून मी त्यांची नोंद करून दिली. क्रमांक आल्यावर त्यांनी तो कागदावर लिहून घेतला आणि बानोचाचींना म्हणाले, "पाह्य, शेजारी सून असावी तर अशी."

मग मी खांबांचं विचारलं.

"हावऽ, जाकीर म्हणत होता. गाड ना पोरी. माह्या बाजूनं गाड, त्यात काय इचारायचं? लेकराले सोडून पुण्याले जाशीन काय?"

"तुमचं वावर अडंन, चाचा. हातभर जागा जाईन."

"जाऊ दे. तसं बी माह्या वावरात बियाणं दरसाल उरते." ते हसले. "बापाच्या टायमाले जेवढं लागे तेवढंच आणतो, पण उरतेच. मी म्हणतो, माहाच हात आखडला असंन पेरताना. म्हातारा झालो."

बानोचाचींनी माझ्या हातात चहा दिला. मी तो प्यायले. गरम होता, साखर जास्त होती, आणि मी एक शब्द बोलले नाही. जिला बोलण्याचा पगार मिळतो ती मी, खाटेवर बसून कप रिकामा करून, "येते चाचा," म्हणून उठले.

घरी येऊन सांगितलं, खांब त्यांच्या बाजूने गाडायचेत, ते तयार आहेत. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला दगड सापडलाय हे त्यांना सासूबाईंनी सांगितलं असणार. मग म्हणाले, "बरं केलं." त्यांच्या आवाजात इतकी मऊ कृतज्ञता होती की मी तिथून उठून मुलीकडे गेले.

रविवारी सकाळी जाकीर ट्रॉलीत खांब आणि दोन मजूर घेऊन आला. घराकडून सुरुवात करायची ठरली. मामाजी पऱ्हाटीच्या पट्टीशी उभे होते, पहारा द्यावा तसे, हातात पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा, उगाच. शिवम सुट्टी म्हणून घरी होता, तो वायरीचं बंडल उतरवत होता. मी मुलीला कडेवर घेऊन धुऱ्यावर उभी. वाहेदचाचा स्वतः फावडं घेऊन आले होते.

जाकीरने पहार टेकवली, धुऱ्यापासून वीतभर, वाहेदचाचांच्या बाजूला. "इथं गाडू काय चाचा?"

वाहेदचाचांनी मान हलवली. "अजून आत घे. हातभर आत घे. तिथं गाडला का वामनभाऊच्या नांगराले अडचण होईन."

जाकीरने पहार उचलली आणि आत नेली. आणखी आत. मजुराने पहिला घाव घातला. ओल्या मातीत पहार पटकन गेली.

माझ्याच्याने नाही झालं. काही मोठं ठरवून नाही. त्या माणसाने अजून आत घे म्हटलं, आमच्या नांगराची काळजी करत, आणि माझं डोकं फिरलं, स्वतःवरच.

"जाकीरभाऊ, थांबा," मी म्हटलं. "तिथं नका गाडू. हद्द तिथं नाही."

"मंग कुठी हाय भाभी?"

"इकडं. पऱ्हाटीत."

"सुचिता," मामाजी म्हणाले, "घरात जाय."

मी गेले नाही. मुलीला शिवमकडे दिलं, पऱ्हाटीत शिरले, दोन तास ओलांडले, पायाने बोराटी बाजूला केली आणि तिथेच उभी राहिले. काटे रुतले ते नंतर कळलं. वाहेदचाचा धुरा ओलांडून आले, खाली बसले आणि तळहाताने दगडावरची माती पुसली. चुना दिसेपर्यंत पुसत राहिले.

"हा इथं हाय व्हय," ते म्हणाले. "जालन्याहून आलो तवा लय धुंडला याले. मंग सोडून देलं. शेजाऱ्याले इचारायचं म्हणजे त्याले चोर म्हटल्यासारखं होते."

ते उठले. मामाजींकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग असता तर मामाजी त्याला उत्तर देऊ शकले असते, वामनराव भांडणात कधी मागे हटणारा माणूस नाही. पण वाहेदचाचांनी फक्त विचारलं, "वामनभाऊ, तुम्ही सांगा. खांब कुठी गाडू?"

जाकीर, दोन मजूर, शिवम, मी, सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. मामाजींचा चेहरा मी पाच वर्षं पाहतेय. तो असा कधी पाहिला नव्हता. तो एकदम म्हातारा झाला. मग त्यांनी हातातला चिमटा पहिल्या झाडाच्या बुडाला लावला आणि ते झाड उपटलं. मग दुसरं. ते एकेक पऱ्हाटी उपटत दगडाच्या रेषेने सडकेकडे निघाले. शिवम मुलीला माझ्याकडे देऊन मदतीला धावला, तर त्याच्या अंगावर वसकले, "सरक तिकडं." त्यांच्या मागे मागे, मोकळ्या होत जाणाऱ्या जागेत, जाकीरचे मजूर खड्डे घेत गेले. ऊन तापलं तरी मामाजी थांबले नाहीत. वाहेदचाचांनी मदत केली नाही आणि ते निघूनही गेले नाहीत. शेवटचा खांब सडकेजवळ उभा राहीपर्यंत फावड्यावर हात ठेवून बघत राहिले. मग कोणाशी न बोलता घरी गेले. मी चहा टाकला होता. पाच वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या दारातून चहा न घेता गेले.

दुपारी लाइन चालू झाली. अशी चालू झाली की मला खरं वाटेना. सोमवारी मॅडमनी तपासणी केली. "उत्तम," म्हणाल्या, "आता तुझी काळजी नाही." मी थँक्यू म्हटलं. मला काहीच वाटलं नाही. लाइट जात होती, येत होती, माझ्या टेबलावर बॅटरी होती, फोन एकही तुटला नाही.

मामाजी वावरात गेले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. उपटलेली पऱ्हाटी तशीच पडून होती, पेटवायची होती, बैलांना चारा आणायचा होता. शिवम पहाटे उठून करायचा आणि मग बीबीला पळायचा. ओसरीतही ते बसेनात, कारण ओसरीतून वाहेदचाचांचं वावर समोर दिसतं. ते माझ्या खोलीत येऊन बसायला लागले, माझ्या पाठीमागे, कापसाला टेकून. जेवायला बोलावलं की यायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे. आपणहून बोलायचे नाहीत. सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, पण फक्त भांड्यांबद्दल.

बुधवारी मी मधल्या सुट्टीत हेडफोन काढून वळले आणि म्हटलं, "मामाजी, किती दिवस असं बसान?"

ते कापसाच्या एका पुंजक्यातली सरकी बोटांनी काढत होते. "तुले घरी बसून काम करता येते आता," ते म्हणाले. "मले वावरात जाता येत नाही. कोणीतरी एकानं घरी बसायचंच होतं."

मला बोलायचं होतं. की मी हे तुमच्यासाठी नाही केलं आणि तुमच्याविरुद्धही नाही केलं. की मी आदल्या दिवशी चहा पिऊन गप्प बसून आले होते, तुमच्यासारखीच. तेवढ्यात पुढचा फोन वाजला.

मेहकरकडचा कोणी शेतकरी होता. गारपीट होऊन बहात्तर तास उलटून गेले होते, पण मंगळवारी त्याच्याकडे पुन्हा वादळ झालं होतं, त्यामुळे नोंद होणार होती. आवाज घाईचा, घाबरलेला. मी नाव घेतलं, गाव घेतलं, गट नंबर घेतला. मग पुढचा प्रश्न होता. तो मी दिवसातून साठ-सत्तर वेळा विचारते, इतक्या वेळा की त्याचा अर्थ माझ्या कानाला जाणवतच नाही. त्या दिवशी मी त्याच्यापाशी थांबले. पाठीमागे कापसाची खसखस थांबली होती. मामाजी ऐकत होते.

"हॅलो? बाई? लाइन कटली काय?"

"नाही," मी म्हटलं, "लाइन चालू आहे." आणि खाली मान घालून, हळूच, जवळजवळ पुटपुटत विचारलं, "तुमच्या नावावर जमीन किती आहे? सातबाऱ्यावर आहे तेवढीच सांगा."

"काय? काय म्हटलं? आयकू नाही आलं!"

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

"जोरानं इचार," मामाजी मागून म्हणाले. "त्याले आयकू येऊन नाही राह्यलं."

मी मोठ्याने विचारलं.